पडद्यावरच्या मॅडम

आमच्या कॉलेजात शिकवण्याचा दर्जा वाढवायचं ठरलं, तेव्हा सर्वात आधी खडू बंद झाले. स्टाफरूमच्या कपाटातली खडूची खोकी शिपाईमामांनी उचलून गोदामात नेली आणि प्राचार्यांनी नोटीस काढली की यापुढे अध्यापन माहिती-तंत्रज्ञानाच्या साहाय्यानेच होईल. ते तंत्रज्ञान अजून यायचं होतं. मधल्या दिवसांत कशाच्या साहाय्याने शिकवायचं, हे नोटिशीत नव्हतं. मी अकाउंट्स शिकवते. ताळेबंद हवेत बोट फिरवून शिकवता येतो का, हे मी त्या दिवसांत करून पाहिलं. येत नाही.

आमचं कॉलेज नेरुळला, स्टेशन आणि कारखान्यांचा पट्टा यांच्या मधोमध. आमच्याकडे येणारी मुलं वाशीच्या घाऊक बाजारात माल उचलणाऱ्यांची, साताऱ्याहून आलेल्या कुटुंबांची, आणि आजूबाजूच्या मूळ गावांतली. मोठ्या नावाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही की ती आमच्याकडे येतात, आणि आम्हीही तसेच इथे आलेलो असल्यामुळे एकमेकांना समजून घेतो. असं हे बरं चाललेलं होतं. पण मूल्यांकन समिती येणार असं कळलं आणि संस्थेला एकाएकी दर्जाची आठवण झाली.

अखेर पॅनल आलं. फळ्याच्या जागी बसवायचा मोठा काळा टचस्क्रीन. उद्घाटनाला संस्थेचे चिटणीस आले. हार, उदबत्ती, नारळ, सगळं यथासांग. नवीन वस्तूची पूजा करायची, यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. आम्ही झेरॉक्स मशीनचीही केली होती. चिटणीसांनी करंगळीशेजारच्या बोटावर आधी हळद, मग कुंकू घेतलं आणि पॅनलच्या काचेला लावलं. पॅनल चालू होतं. त्याला पूजा कळत नाही, बोट कळतं. हळदीच्या बोटाने सेटिंग उघडलं, कुंकवाच्या बोटाने भाषा बदलली, आणि बघता बघता सगळा पडदा चिनी अक्षरांनी भरून गेला.

"वा, सुरू झालं!" चिटणीस म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

त्यानंतर चिटणीसांनी जागतिक दर्जाच्या शिक्षणावर भाषण केलं. मागे चिनी मजकूर झळकत असल्यामुळे त्या भाषणाला एक वजन आलं होतं, हे मान्य करायला हवं.

कार्यक्रम संपल्यावर ती भाषा काही केल्या परत बदलेना. प्राचार्यांनी बटणं दाबून पाहिली, ग्रंथपालांनी प्लग काढून लावला. तेव्हा मागच्या रांगेतून संख्याशास्त्राची मॅडम पुढे आली. तिच्या घरी असाच मोठा टीव्ही होता आणि भाच्याने त्याचं असंच काहीतरी करून ठेवलं होतं. अक्षरं वाचता येत नसली तरी कुठल्या चित्राखाली काय असतं हे तिला आठवत होतं. दोन-चार ठिकाणी बोट लावून तिने मराठी परत आणली. प्राचार्य खूश होऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर टेक्नोसॅव्ही आहात!" आमच्या संस्थेत कुणाला असं विशेषण मिळालं की पाठोपाठ काम येतं. ते आलंच.

तिच्याबद्दल सांगायला हवं. ती कॉलेजच्या जवळच्याच शिरवणे गावची, तिथल्या मूळच्या शेतकरी घरातली. आजोबांची भातशेती नवं शहर वसवताना गेली, वडिलांनी राहिलेल्या जागेवर इमारत बांधून खोल्या भाड्याने दिल्या. घरात पोटाचा प्रश्न नव्हता. तिला फक्त वर्ग हवा होता. पात्रता परीक्षा पास होऊन ती आमच्याकडे तासिका तत्त्वावर लागली, म्हणजे जितके तास शिकवाल तितकेच पैसे आणि दर जूनला नव्याने नेमणूक. मे महिन्यात आपण प्राध्यापक आहोत की नाही, हे तिला स्वतःलाही सांगता येत नसे. तरी दर जूनला ती नवी साडी नेसून हजर व्हायची.

आणि शिकवायची अशी की मला तिचा हेवा वाटायचा, सरळच सांगते. माझा वर्ग तिच्या वर्गाला लागून होता आणि मधे प्लायवुडची भिंत. प्रमाण विचलन म्हटलं की आमची मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात. ती म्हणायची, "सीवूड्सला जायला दोन बस हायत. दोन्ही सरासरीने सारख्याच उशिरा येतात. पन एक रोज तेवढीच उशिरा येते. दुसरी एखाद दिवशी टायमावर येते, आनि एखाद दिवशी येतच नाय. सांगा, कुठल्या बसवर भरवसा ठेवाल?"

मग ती गप्प बसायची. चांगली गप्प बसायची. भिंतीपलीकडे मला अस्वस्थ व्हायला होई, इतकी. कुणीतरी काहीतरी बोलायचं, ती "का?" विचारायची, दुसरं कुणी त्याला खोडायचं, आणि वर्गात भांडण पेटायचं. भांडण संपेपर्यंत सूत्र मुलांनी स्वतःच अर्धंअधिक काढलेलं असायचं. माझा वर्गही ताळेबंद सोडून तिकडेच कान लावून बसे.

टेक्नोसॅव्ही ठरल्यावर तिला सांगण्यात आलं की अख्ख्या वर्षाचा अभ्यासक्रम व्हिडिओवर उतरवायचा. बाकीच्यांनीही उतरवायचा होता, पण बाकीच्यांना सर्दी झाली, कुणाच्या घरी लग्न निघालं. मी तर स्वच्छ सांगितलं की मला कॅमेऱ्यासमोर घाम येतो. आम्ही आपले रोज पॅनलसमोर उभे राहून फोटो काढत होतो. प्रत्येक तासाचा फोटो, त्यावर जागेचा अक्षांश-रेखांश उमटलेला, असा पुरावा समितीला लागतो. फोटोपुरती मुलं पॅनलकडे टक लावून बघत. त्यांचा अभिनय वर्षभरात फार सुधारला.

ती मात्र खरंच कामाला लागली. रिकाम्या खोलीत तिला बोलता येईना म्हणून भरल्या वर्गातच रेकॉर्डिंग झालं. ते ठाकठीक करायला कंपनीचा माणूस आला होता. गळ्यात हेडफोन अडकवून तो लॅपटॉपवर बघत बसला आणि वैतागला.

"मॅडम, इधर डेड टाइम बहुत आहे. तुमी बोलतच नाही. स्टुडंट लोक बोअर होणार."

"तो डेड टाइम नाय ओ," ती म्हणाली. "तेव्हा पोरं विचार करतात."

"विचार स्क्रीनवर दिसत नाही ना, मॅडम."

प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. व्हिडिओ आटोपशीर असावा, असं त्यांनी एका कार्यशाळेत ऐकलेलं होतं. गप्प बसलेल्या सगळ्या जागा कापल्या गेल्या, मुलांची भांडणंही गेली. उरलं ते तिचं अखंड बोलणं, आणि ते अर्ध्या वेळात संपत होतं. प्राचार्य म्हणाले, "बघा, निम्म्या वेळात तेच ज्ञान!" समितीसमोर ते व्हिडिओ लावले गेले, समितीने माना डोलावल्या, आणि स्नेहसंमेलनात तिला शाल, नारळ आणि तंत्रस्नेही शिक्षिका म्हणून प्रमाणपत्र मिळालं. तिचे वडील पहिल्या रांगेत पांढरा झब्बा घालून बसले होते.

जूनमध्ये ती नवी साडी नेसून आली. विभागप्रमुख म्हणून मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये होते, म्हणून पुढचं मी ऐकलं.

"मॅडम, तुमचं सगळं कंटेंट आता आपल्याकडे आहे," प्राचार्य प्रेमाने म्हणाले.

"हो सर. मग माझे तास?"

"तास चालूच राहणार की! तुम्हीच शिकवणार आहात. फक्त तुम्हाला यायची दगदग नाही."

तिला कळायला एक क्षण लागला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सर, व्हिडिओ म्हणजे शिक्षक नाही," मी म्हटलं. प्राचार्यांनी मला तंत्रज्ञानाला विरोध करणाऱ्या लोकांबद्दल चार शब्द ऐकवले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "एक वर्ष बघू या. संख्याशास्त्राचा निकाल खाली आला तर पुढच्या जूनमध्ये पहिला फोन तुम्हाला. शब्द देतो."

बाहेर आल्यावर मी तिची समजूत घालायला लागले, तर तीच मला म्हणाली, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. निकाल खाली येनारच. त्या व्हिडिओत मी कुठे थांबतच नाय." एवढं बोलून ती रिक्षात बसली. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

तिच्या तासांना बसायची जबाबदारी माझ्यावर आली. माझं पद होतं फॅसिलिटेटर. काम एकच, व्हिडिओ सुरू करायचा आणि हजेरी घ्यायची. मधे बोलायचं नाही, त्याने मुलांचं लक्ष विचलित होतं, अशी लेखी सूचना होती. पहिल्याच दिवशी पडद्यावर ती आली आणि म्हणाली, "सांगा, कुठल्या बसवर भरवसा ठेवाल? बरोबर! आता हे सूत्र लिहून घ्या."

वर्ग हसला. पुढच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी मला म्हणाली, "मॅडम, बरोबर काय? कोणी काय बोललंच नाही." मी व्हिडिओ मागे घेतला. ती पुन्हा म्हणाली, "बरोबर!" मुलांना हा प्रकार आवडला आणि दिवसभर कॉलेजात कुणीही काहीही विचारलं की कोरसमध्ये "बरोबर!" असं उत्तर यायला लागलं. आठवड्याभरात हसू संपलं. मुलं डोकी टेकून झोपू लागली. आणि पडद्यावरची ती कुणावर रागावत नव्हती, कारण रागावण्याच्या जागाही कापलेल्या होत्या.

सहामाहीत जवळजवळ सगळा वर्ग नापास झाला. नापासांचे पेपर पाहून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी लगेच तिला फोन केला.

"सगळे गेले!" मी म्हटलं.

"सगळे?" ती म्हणाली. "ती चष्मेवाली पन?" चष्मेवालीबद्दल मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. "ती पण," मी म्हटलं. ती काही बोलली नाही. मला वाटलं, आनंदाने शब्द सुचत नसतील.

दिवाळीनंतर काहीतरी बदललं. पडद्यावर प्रश्न आला की मुलं आपसात कुजबुजत आणि बरोबर उत्तर देत. वह्यांमध्ये मी न शिकवलेली, व्हिडिओतही नसलेली उदाहरणं दिसू लागली: कुणाच्या खानावळीतल्या पोळ्या, बाजारातल्या कांद्याच्या गोण्यांची वजनं. मी चष्मेवालीला विचारलं, क्लास लावलाय का.

"नाही मॅडम. आम्ही मॅडमच्या घरी जातो."

"कुठल्या मॅडमच्या?"

तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

त्याच संध्याकाळी मी तणतणत शिरवण्याला गेले. तिथल्या इमारती इतक्या जवळजवळ आहेत की एकीचे कपडे दुसरीच्या खिडकीत वाळतात. तिचं घर शोधावं लागलं नाही. जिन्याखाली चपलांचा ढीग होता आणि तळमजल्याच्या खोलीतून भांडण ऐकू येत होतं. ते भांडण मी ओळखलं. ओट्यावर तिचे वडील बसले होते. ते हसून म्हणाले, "या बाय. कालेजान ठेवली नाय हिला, तं कालेजच घरान घेऊन आली."

मुलं गेल्यावर मी तिला धरलं. "अगं, तुला काही अक्कल? हीच पोरं नापास झाली तर तुला परत घेणार आहेत. आणि तूच त्यांना शिकवतेस?"

"माहीत हाय मना."

"मग हाकलून दे की!"

"दिली होती. सहामाहीनंतर आली तेव्हा मी सरळ नाय म्हनलं. दार लावून घेतलं." ती चहा गाळत होती, तो गाळायचा थांबली. "पोरं गेलीच नाय, मॅडम. जिन्यात बसली आनि मोबाईलवर माझाच व्हिडिओ लावला. मी इथे आत, आनि माझा आवाज बाहेर. कुठल्या बसवर भरवसा ठेवाल, बरोबर. कुठल्या बसवर भरवसा ठेवाल, बरोबर. परत परत तेच लावत होती, त्यांना कळत नव्हतं. आनि ती बाई थांबतच नव्हती. मना वाटलं, जाऊन तिच्या थोबाडीत मारावी."

"मग?"

"मग काय. दार उघडलं."

मी कपाळाला हात लावला. मग माझा राग तिच्यावरून उडून भलतीकडेच गेला आणि मला रडू आलं. निदान फी तरी घे, असं काहीतरी मी म्हणाले. ती म्हणाली, "फी घेतली तर तो क्लास होईल. मना क्लास नाय काढायचा. मना कॉलेजात यायचंय." हे तिने अगदी शांतपणे सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा शिकवलं.

निकाल लागला. संख्याशास्त्रात आमच्या कॉलेजचा इतका चांगला निकाल पूर्वी कधीच लागला नव्हता. संस्थेच्या वाशीच्या ऑफिसात बैठक झाली. प्राचार्यांनी तक्ते दाखवले: सहामाहीत विद्यार्थी तंत्रज्ञानाशी जुळवून घेत होते, वार्षिकला त्यांनी जुळवून घेतलं. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी सगळे विषय असेच करायचे, असं ठरू लागलं. तेव्हा मी उभी राहिले आणि जे होतं ते सगळं सांगितलं. पोरं कुठे जात होती, कोण शिकवत होतं, फुकट शिकवत होतं, आणि निकाल खाली आला तरच परत घेऊ असं तिला कुणी सांगितलं होतं. माझा आवाज चढला होता. टेबलावरचं पाणीही मी सांडलं. मला वाटलं, आता कुणालातरी लाज वाटेल.

चिटणीस हळूहळू हसायला लागले.

"अहो मॅडम, हे तर फारच उत्तम झालं! म्हणजे व्हिडिओ बघून मुलांच्या मनात जिज्ञासा उत्पन्न झाली. ती आपण होऊन गुरूच्या घरी गेली. यालाच गुरुकुल म्हणतात!" ते प्राचार्यांकडे वळले. "अहवालात हे यायला पाहिजे. वर्गात तंत्रज्ञान, घरी मार्गदर्शन. आणि खर्च शून्य."

प्राचार्यांनी लगेच लिहून घेतलं. नेमणुकीचा विषय मी पुन्हा काढला, तर प्राचार्य समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, शब्द दिला होता निकाल खाली आला तर. तुम्हीच सांगा, आला का?" बैठकीत चहाबरोबर काजूकतली होती. सगळ्यांनी खाल्ली.

मी वाशीहून थेट शिरवण्याला गेले. रिक्षात वाक्यं जुळवत होते आणि एकही जमत नव्हतं. ती दारातच उभी होती, मुलांकडून तिला निकाल कळलेला होता. तरी तिने विचारलं, "पास झाली ना सगळी?"

"सगळी."

"चष्मेवाली?"

"वर्गात पहिली."

तिने देवाकडे बघून हात जोडले. वडिलांना आत हाक मारून सांगितलं, ते "बरा झाला, बरा झाला" म्हणत बाहेर आले आणि माझं तोंड बघून पुन्हा आत गेले. ती माझ्यासमोर बसली. मी बैठकीचं सांगायला सुरुवात केली आणि गुरुकुलापर्यंत येऊन अडकले.

"म्हनजे बोलवत नाय," ती म्हणाली.

"नाही."

मग ती उठली, स्वयंपाकघरातून साखरेचा डबा घेऊन आली आणि चमचाभर साखर माझ्या तळहातावर ठेवली. माझा हात काही तोंडाकडे जाईना. घामाने साखर हाताला चिकटायला लागली होती.

"खा ना, मॅडम," ती म्हणाली. "निकाल माझा हाय."